कोलाहलबंदीचे दिवस

फाल्गुन लागला की भिलाईत एक सरकारी शांतता उतरते. परीक्षा जवळ आल्या म्हणून दरवर्षी आदेश निघतो. लाउडस्पीकर बंद, डीजे बंद, वरात न्यायची तर मुकाट्यानं न्या. 'कोलाहल' हा भारदस्त शब्द एरवी कुणाच्या तोंडी येत नाही, पण या दिवसांत तो पानठेल्यावरही ऐकू येतो. "कोलाहल पे रोक है भाई, धीरे बजा." कैंप-1च्या बाजारातले मोबाइलवाले गाणी खाली करतात. खुर्सीपारच्या गल्ल्यांत बाया एकमेकींना हाक मारतानाही आवाज दाबतात, कारण कुणाच्या तरी घरी पेपर असतो. पोलादाचा कारखाना तेवढा कुणाचं ऐकत नाही, पण त्याची घरघर आम्हाला आता ऐकूच येत नाही. लेकरांना अभ्यास करता यावा म्हणून सगळं गाव तोंडावर बोट ठेवून बसतं, आणि सगळ्यांना त्यात काहीतरी फार चांगलं केल्यासारखं वाटतं.

मला ही शांतता सहन होत नाही. नंदिनी गावाकडच्या रस्त्याला पळस पेटलेला असतो, मोहाचा वास सुटलेला असतो, बघायला सगळं सुंदरच असतं. पण मार्चची पहिली गरम झुळूक तोंडावर आली की माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, हिला ऊन बाधतं. बाधत असेल बापडं.

माझे वडील रेल्वेत होते. नागपूरकडून बदली होऊन दुर्गला आले आणि आम्ही इकडचेच झालो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, भाजी घेताना छत्तीसगढ़ी. तीन भाषांत मोठी झालेली मी, आणि काम लागलं ते न बोलणाऱ्या मुलांत. मी विशेष शिक्षिका आहे. ज्या मुलांना तोंडानं बोलता येत नाही, पण ज्यांच्या डोक्यात बोलणं काठोकाठ भरलेलं असतं, त्यांना चित्रांच्या बोर्डानं, कुणाला टॅबनं बोलायची वाट करून द्यायची, हे माझं काम. मुलं ते पटकन शिकतात हो. शिकवावं लागतं ते शाळेतल्या मोठ्या माणसांना. म्हणून मी शाळाशाळांतून हिंडते आणि खुर्च्यांवर बसलेल्या मास्तर-मास्तरणींशी भांडते. कागदोपत्री त्याला कार्यशाळा म्हणतात.

भांडण ठरलेलं असतं. बोर्ड हातात दिला की प्रत्येक शिक्षक पहिली गोष्ट काय करतो? परीक्षा घेतो. "पानी कहाँ है? दिखाओ बेटा. शाबास! अब केला दिखाओ." मूल दाखवतं, टाळ्या पडतात, फोटो निघतो. मी विचारते, अहो गुरुजी, तुमच्या बायकोनं सकाळपासून संध्याकाळपर्यंत 'पाणी कुठाय, दाखवा' एवढंच विचारलं तर काय कराल? तांब्या फेकून माराल. सगळे हसतात. मग मी सांगते, विचारू नका, बोला. तुम्ही स्वतः बोलताना त्या चित्रांवर बोट ठेवत बोला. तेव्हा हमखास कुणीतरी म्हणतं, "हम तो मुँह से बोल लेते हैं मैडम, हम क्यों उँगली रखें?" यावर माझा पारा चढतो. तुमच्या लेकरानं तुमचं बोलणं वर्षभर ऐकलं, मग कुठे 'बाबा' म्हटलं. या लेकरानं असं बोटानं बोलताना आजवर कुणाला पाहिलंय? कुणालाच नाही. मग ते शिकणार कुणाकडून, माझ्या कपाळाकडून?

आणि एक गोष्ट मी घसा बसेपर्यंत सांगते. चित्राची जागा हलवायची नाही. वीज गेली तरी अंधारात आपल्या घरातलं बटण हाताला बरोबर सापडतं, तसं या मुलांच्या हाताला शब्द सापडतो. ती प्रत्येक वेळी चित्र बघत नाहीत, हात जागेवर जातो. जागा बदलली की शब्द गेला. एवढी साधी गोष्ट आहे.

सोनलला मी पहिल्यांदा पाहिलं ती खुर्सीपारच्या एका खोलीत, पलंगाला उशा लावून बसवलेली. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. मान सावरत नव्हती, पाय ताठ, उजवा हात मुठीत मिटलेला. डावा हात तेवढा तिच्या ताब्यात होता, तोही थरथरत, वळसे घेत जायचा. वडील ठेक्यावर कारखान्यात, आई लता घरी. माणसं मूळची भंडाऱ्याकडची, धानाच्या शेतावरून रोलिंग मिलच्या धगीत आलेली. लता मला म्हणाली, "ताई, हिले सारं समजते. फक्त सांगता येत नाई." मी म्हटलं, मग आपण तिला सांगायला काहीतरी देऊ.

बोर्ड मी स्वतः बनवला. प्रत्येक चित्राखाली शाळेसाठी हिंदी शब्द, त्याखाली लतासाठी मराठी. तिच्या चाकाच्या खुर्चीला पुढे लाकडी फळी बसवली आणि त्यावर बोर्ड. तिच्या हाताला सगळ्यात जवळचा कोपरा डावीकडचा, खालचा. तिथे मी 'दुखतंय' ठेवलं. माणसाला कितीही कमी ताकद असली तरी तेवढं सांगता आलंच पाहिजे. त्याच्या शेजारी 'नाही'. त्याच्या वर 'थांबा', 'आई', 'राग आला', 'शी-शू', 'अजून'. केळी-आंबे-मांजरी पार वरच्या ओळीत. फळांवाचून कुणाचं अडत नाही.

आणि काय सांगू, पोट्टी काय बोलायला लागली! जन्मभराचं साचलेलं. गोड-गोड काही नाही हं. पहिला महिना नुसतं 'नाही, नाही, नाही'. भात नाही, स्वेटर नाही, मावशी नाही. लता कपाळावर हात मारायची, "ताई, मुकी होती तेच बरी होती!" आणि हसता हसता डोळे पुसायची. शाळेत साहू सरांचं गणित चालू असताना सोनल 'थांबा' दाखवायची आणि सगळा वर्ग खिदळायचा. एकदा शाळा बघायला पाहुणे आले. त्यांनी वाकून विचारलं, "पढ़ाई अच्छी लगती है?" हिनं हात वळवत वळवत नेला आणि ठेवला 'नाही'वर. वर पुन्हा 'राग आला'. शाळेच्या मुख्याध्यापिका, बड्या मॅडम, त्यांचा चेहरा उतरला. मला मात्र त्या दिवशी घरी जाताना स्कूटीवर गाणं म्हणावंसं वाटलं.

साहू सर तिचे वर्गशिक्षक. माणूस सरळ. हिला वर्गात मागे नाही, पुढे बसवणार. हिच्या खुर्चीसाठी स्वतः विटा-सिमेंट आणून उतार बांधणारा. पाचवीची परीक्षा आली तेव्हा इतर शिक्षक म्हणाले, हिला काय करायचा पेपर, पुढे ढकला. साहू सर अडून बसले. "सोनल पेपर देगी. सबके साथ देगी." तोंडी उत्तरं बोर्डावरून घ्यायची असं ठरलं. लतानं ही गोष्ट सगळ्या गल्लीत सांगितली. तिच्या लेकीचा पेपर होता! आता तिच्यासाठीही गल्ली आवाज कमी करणार होती. तिनं सोनलला नवीन फ्रॉक शिवला आणि स्वतःच्या टीव्हीचं बटणच बंद केलं.

पेपर घ्यायला दुसऱ्या शाळेतला परीक्षक येणार होता. साहू सरांना धास्ती पडली. परक्या माणसासमोर ही 'नाही' म्हणाली तर? 'थांबा' म्हणाली तर? तो शून्य देऊन मोकळा होईल. म्हणून त्यांनी मुलीच्या भल्यासाठी एक नवा बोर्ड तयार केला. स्वच्छ, रंगीत, ओळी आखलेल्या. फळं, रंग, प्राणी, आकार, आकडे. अभ्यासक्रमातलं सगळं होतं त्यात, आणि अभ्यासक्रमाबाहेरचं सगळं काढून टाकलं होतं. जुना बोर्ड गुंडाळून कपाटावर ठेवला. लताला म्हणाले, परीक्षा होईपर्यंत घरीही याच्यावरच सराव करून घ्या, नाहीतर गोंधळेल. लतानं मान हलवली. शाळेनं सांगितलं म्हणजे सांगितलं. मला कुणी विचारलं नाही, कारण एवढ्याशा गोष्टीसाठी मॅडमला कशाला त्रास द्यायचा.

इतकी वर्षं झाली, मी या जागी येऊन थांबते आणि मला कळत नाही, राग कुणावर काढू. मारकुटा मास्तर असता तर सोपं होतं. इथे सगळे त्या लेकराला पास करायला निघाले होते. जो देश परीक्षेसाठी लेकरांचं खेळणं, झोप, लग्नातला बँड सगळं काढून घेतो, त्यानं एका मुलीचं 'दुखतंय' काढून घेतलं, एवढंच.

होळीनंतरचे दिवस. ऊन चढलेलं. सोनलनं सकाळचा भात थुंकून टाकला. लताला वाटलं, उन्हाचं असेल. शाळेत सराव सुरू झाला. साहू सरांनी विचारलं, आम कौन-सा है? सोनलचा हात थरथरत खालच्या डाव्या कोपऱ्यात गेला. तिथे आता त्रिकोण होता. नाही बेटा, आम. पुन्हा त्रिकोण. गाय? त्रिकोण. लाल रंग? त्रिकोण. पोरं हसायला लागली. ती रडू लागली तशी सरांनी तिची समजूत काढली, पाणी पाजलं, सोपा प्रश्न घेतला. त्रिकोण कौन-सा है? हात पुन्हा त्याच कोपऱ्यात. "शाबास!" सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांचं साहू सरांनी मला नंतर स्वतःच सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

घरी लतानं बोर्ड पुढे धरला. "काय होते सोनू, सांग मले." त्रिकोण. कपाळ गरम लागत होतं, एक उलटी झाली. गल्लीतल्या डॉक्टरनं गॅसचं औषध दिलं, म्हणाला परीक्षेचं टेन्शन आहे, मुलांना होतं असं. लता रात्रभर तिचे पाय चेपत बसली. ताठ पायांच्या या मुलीचं दुखणं म्हणजे पायच, असं इतकी वर्षं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत नेलीच तिला. पेपर तोंडावर आलेला. पुन्हा सराव, पुन्हा त्रिकोण, पुन्हा रडणं. आणि मग, लता सांगते, दुपारनंतर पोरगी एकदम शांत झाली. रडणं थांबलं. लताला वाटलं, आलं वळणावर.

संध्याकाळी साहू सरांचा फोन आला. दिवेलागणीची वेळ, मी कणीक मळत होते. "मैडम, सोनल बहुत ज़िद कर रही है. हर बात में त्रिकोण, त्रिकोण. आप एक बार समझाइए उसको." मी म्हटलं, कसला त्रिकोण? माझ्या बोर्डावर त्रिकोण नाहीच. मग त्यांनी मोठ्या उत्साहानं नव्या बोर्डाचं सांगितलं. माझ्या हाताची कणीक तशीच. मी विचारलं, "सर, त्रिकोण चिपकाया कहाँ है?"

"नीचे मैडम. बाएँ कोने में."

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. शेजारची बाई धावत आली एवढं आठवतं. हात धुतले नाहीत, स्कूटी काढली. खुर्सीपारची गल्ली त्या संध्याकाळी इतकी शांत होती, इतकी शहाण्यासारखी शांत, की माझ्या स्कूटीचा आवाज मलाच मोठा वाटला. सोनल पलंगावर होती, डोळे अर्धे मिटलेले. मी तिच्या पोटावर हात ठेवला. पोट लाकडासारखं कडक. लतानं विचारलं, "कावून ताई? कावून हात लावून राहिल्या? टेन्शनच हाय न तिले?"

दवाखान्यात कळलं, अपेंडिक्स फुटून पू सगळ्या पोटात पसरला होता. डॉक्टर म्हणाले, दुखत होतं तेव्हाच आणायला हवी होती, सांगितलं नाही का तिनं? लता म्हणाली, "सांगत होती न जी. दोन दिवस सांगत होती." साहू सर दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. त्यांनाही मी तिथे बरंच बोलले. ते 'हाँ मैडम, हाँ मैडम' म्हणत राहिले. त्यांनी मला एकदा तरी उलट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं.

सोनल वाचली. पुन्हा पोट उघडावं लागलं, नळ्या, सुया, सारा उन्हाळा गेला त्यात. पण वाचली. सगळे म्हणाले देवाची कृपा. मी जुना बोर्ड कपाटावरून काढला, पुसला, तिच्या खुर्चीवर लावला. सगळ्या जागा जशाच्या तशा. 'दुखतंय' तिच्या हाताशी. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताची मूठ मिटली. मी म्हटलं, दमलीय. लता म्हणाली, उद्या करन. उद्या झाला, पावसाळा झाला, दिवाळी झाली. हात बोर्डावर आला की मूठ मिटायची. आम्ही टॅब आणला, बटणं आणली, सुरुवातीपासून सगळं करून पाहिलं. तिला जमत नव्हतं असं नाही. जीव तोडून सांगितलेलं कुणी ऐकलं नाही, वर टाळ्या वाजवल्या. मी तिच्या जागी असते तर मीही आयुष्यात पुन्हा तोंड उघडलं नसतं.

शाळा सुटली, ती सुटलीच. आता ती वयात आलेली मुलगी आहे. शेजारणी कौतुकानं म्हणतात, "किती शांत झाली सोनू, काईच त्रास नाई." लता ते ऐकते आणि मला दारापर्यंत सोडायला येते तेव्हा म्हणते, "ताई, थे काई मागतच नाई. उद्या पुन्हा काई झालं तं मले कसं समजन?" तिचं पोट रोज रात्री दाबून बघते लता. पोट, कान, दात, पाय. सगळं दाबून बघते आणि चेहऱ्याकडे पाहत राहते.

परवा कार्यशाळा झाली. हल्ली मी सुरुवातीलाच सगळ्यांच्या हातात फळं-रंग-आकारांचा एक बोर्ड देते आणि म्हणते, तोंड बंद. तुमच्या छातीत कळ येतेय, सांगा शेजाऱ्याला. आधी खुसखुस होते, मग बोटं आंबा-केळ्यावरून फिरायला लागतात, मग कुणी हसत नाही. एवढं होऊनही चहाच्या वेळी एका नव्या बाईंनी विचारलंच, "मैडम, सिर्फ़ परीक्षा के टाइम बोर्ड थोड़ा छोटा कर दें तो?" मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून साहू सर उठले. ते दरवर्षी येतात, मागे बसतात, एक शब्द बोलत नाहीत. ते म्हणाले, "नहीं." इतक्या मोठ्यानं की दाराशी उभा असलेला शिपाई आत डोकावला. मग ते खाली बसले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला.

कार्यशाळा झाली की मी सोनलकडे जाते. बोर्ड अजून आहे, कडा झिजलेला. मी तिच्या शेजारी पलंगावर बसते आणि बोर्ड मांडीवर घेऊन एकटीच बोलते, बोटानं. मी. चहा. गरम. राग आला. तिला काही विचारत नाही. ती खिडकीतून गल्लीकडे बघत असते. मास्तरांना शिकवते तेच मी करते, आणि इतक्या वर्षांत काही झालेलं नाही.

परवा बोलता बोलता माझं बोट 'दुखतंय'वर गेलं. माझे गुडघे खरंच दुखत होते. आणि सोनलची मूठ उघडली. लता चुलीशी होती, तिनं गाळणं हातातच धरलं. तो हात आला, तसाच वळसे घेत, थरथरत, बोर्डापर्यंत आला. तिनं माझं बोट धरलं. घट्ट धरलं. ते बोर्डावरून उचललं आणि चादरीवर नेऊन ठेवलं. मग मान सावरत माझ्याकडे पाहिलं, सरळ डोळ्यांत.

"काय म्हणली?" लतानं विचारलं.

"नको म्हणाली."

लता तिथेच जमिनीवर बसली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "पण म्हणली न ताई. काईतरी म्हणली न."

माझ्या अंगातली मास्तरीण उसळून आली होती. पुन्हा एकदा, सोनू, फक्त एकदा, इकडे, बोर्डावर. जीभ टाळ्याला लावून मी ते वाक्य गिळलं. मोकळ्या हातानं बोर्ड तिच्या डाव्या हाताशी भिंतीला टेकवून ठेवला. चहा आला, मी प्यायले, लताशी इकडचं तिकडचं बोलले. तिनं चादरीवर ठेवलेलं माझं बोट मी घरी जायला उठेपर्यंत उचललं नाही. तिनं नको म्हटलं होतं.